नवा ऑइल चेंबर बसवताय? या चुका टाळा

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या पोटाला पावसाळ्यात खड्ड्यातला दगड लागतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडे दगड कमी, पण उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. पट्टे न मारलेले गतिरोधक तर दोन्हीकडे आहेत. सीमाभागातल्या गॅरेजांत ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं, बदलण्याचं काम म्हणूनच सतत चालू असतं.

कंपनीचा चेंबर महाग पडतो किंवा वेळेवर मिळत नाही, मग बाहेरच्या बनावटीचा घेतला जातो. त्यात गैर काही नाही, चांगले लोकल चेंबर मिळतात. फरक एवढाच की कंपनीच्या भागाचं माप आधी कुणीतरी तपासलेलं असतं आणि लोकल भागाचं माप बसवणाऱ्याला तपासावं लागतं. हे तपासणं राहून जातं, कारण सगळ्यांचं लक्ष गळतीवर असतं. गळती खरं तर त्यातल्या त्यात बरी. ती फरशीवर डाग पाडते, वास सोडते, आपल्याला सावध करते. चेंबरचा तळ आणि ऑइल ओढणारी जाळी यांच्यातलं अंतर चुकलं, तर बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि आत बेरिंगं जातात.

चेपलाय, पण गळत नाही, म्हणून चालवत राहणं

पत्र्याचा चेंबर दगड लागला की चेपतो, ॲल्युमिनियमचा तडकतो. तडकलेला लगेच कळतो. चेपलेल्याकडे मात्र लोक वाकून बघतात, थेंब नाही म्हटल्यावर पुढे निघतात. चेपलेला तळ वर उचललेला असतो आणि त्याच्या बरोबर वर जाळी असते. दोघांमध्ये जागा उरली नाही, की पंपाला ऑइल पुरत नाही. गाडी उभी असताना ऑइलचा दिवा लागणार नाही, कारण आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ऑइल थोडं लागतं. हायवेवर निपाणीच्या दिशेनं शंभरच्या वेगात असताना मागणी वाढते, तेव्हा इंजिनातून टॅपेटचा टकटक आवाज येतो, किटलीच्या चिन्हाचा लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा दिसला की इंजिन तिथंच बंद करायचं. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणणाऱ्याचं काम चेंबरवरून इंजिन बांधण्यावर जातं.

विम्याचंही इथंच अडतं. दगड लागून फुटलेला चेंबर अपघाती नुकसानीत बसू शकतो, पण नंतर तशीच गाडी चालवून इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत तो दावा सहसा नाकारतात. इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिन न बघता गाडीच्या नावानं चेंबर मागवणं

'स्विफ्टचा चेंबर द्या' एवढं सांगून भागत नाही. १.२ पेट्रोल आणि १.३ डिझेल, दोन्ही स्विफ्टच, चेंबर मात्र वेगळे. दुकानात जाताना चासी आणि इंजिन नंबर न्या. ऑनलाइन मागवला असेल तर जुना उतरवायच्या आधी नवा घरी आलेला असू द्या आणि जुना उतरल्यावर दोन्ही शेजारी ठेवा. बोल्टची भोकं जुळली म्हणजे चेंबर जुळला असं नव्हे. खोली, ऑइल काढायच्या ड्रेन नटची जागा, त्याचे आटे, सेन्सरचं भोक आणि आतला आडवा पत्रा, म्हणजे बॅफल, हे सगळं बघायचं.

स्वस्त चेंबरात सर्वांत आधी गाळतात तो हा बॅफल. वळणावर ऑइल एका बाजूला धावू नये म्हणून तो असतो. शहरात त्याची उणीव जाणवत नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या लागोपाठच्या वळणांवर ऑइल कडेला जातं, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. लेव्हल बरोबर असूनही फक्त घाटातच दिवा लुकलुकत असेल, तर बॅफलकडे आणि जाळीच्या पाइपच्या ओ-रिंगकडे संशयानं बघा. ही रबरी रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होते. चेंबर खाली उतरलाच आहे तर ती बदलून टाका, किंमत किरकोळ असते.

जाळीखालचं अंतर न मोजणं

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बहुतेक इंजिनांत जाळी आणि तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिलिमीटर जागा असते. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो न मिळाल्यास जुन्या, न चेपलेल्या भागावरून काढता येतो: पॅकिंगच्या कडेपासून तळापर्यंतची खोली जुन्या आणि नव्या चेंबरात मोजा आणि ताडून बघा.

याहून सोपा उपाय स्वयंपाकघरात आहे. घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, जाळी जिथं येणार तिथं नव्या चेंबरात ठेवा. सिलिकॉन, म्हणजे सांधा बंद करणारी ट्यूबमधली पेस्ट, न लावता चेंबर जागेवर धरा, चार-सहा बोल्ट हातानं लावा, मग परत उतरवा. गोळा दाबला जाऊन जेवढा जाड उरला, तेवढं अंतर. सुरीनं मधोमध कापून व्हर्नियरनं मोजा. प्लास्टिक विसरू नका, नाहीतर कणीक जाळीत शिरेल आणि नवंच दुखणं होऊन बसेल.

अंतर फारच कमी आलं तर जाळीचा पाइप वाकवून जुळवायचा मोह होतो. वाकवू नका, जोडाशी बारीक चीर गेली तरी पंप हवा ओढतो. चेंबर परत करा. अंतर जास्त आलं तरी परतच करा, कारण ऑइल जरा कमी झालं की जाळी उघडी पडणार. दुकानदार कुरकुर करेल. सिलिकॉन न लावलेला कोरा चेंबर परत घेतात, लावलेला घेत नाहीत, म्हणून ही तपासणी आधी.

डिझेलनं धुऊन लगेच सिलिकॉन लावणं

गॅरेजात प्रत्येक भाग डिझेलनं धुतला जातो. धुण्याला हरकत नाही, पण डिझेल मागे तेलकट थर ठेवतं आणि त्यावर सिलिकॉन धरत नाही. शेवटचा हात ब्रेक क्लीनरनं किंवा ॲसिटोननं, स्वच्छ फडक्यानं फिरवा. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या, बाजूची अडचण वेगळी: वरून ऑइल थेंब थेंब उतरतच राहतं. शक्य असेल तर गाडी रात्रभर निथळत ठेवा. 'मेस्त्री, सोडा की गाडी, संध्याकाळी गोव्याला जायचंय' म्हणणारं गिऱ्हाईक असेल, तर काम उद्यावर ढकललेलं चांगलं.

जुनं पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमवर लोखंडी पातं चालवू नका. एक ओरखडा गळतीला पुरतो. प्लास्टिकची पट्टी वापरा, वेळ लागतो हे मान्य.

नवा पत्र्याचा चेंबर असेल तर त्याची कड सपाट आहे का हे जाड काचेवर उलटा ठेवून बघा. कडेच्या फटीतून पातळ कागद सरकत असेल, तर तिथून ऑइलही सरकेल. भोकांभोवती पत्रा फुगला असेल तर सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीनं बसवता येतो. तडकलेला ॲल्युमिनियमचा जुनाच चेंबर आर्गन वेल्डिंग करून वापरणार असाल, तर वेल्डिंगनंतर कड वाकडी होतेच असं धरून चाला. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपना तोटा नाही, तिथं फेस मारून, म्हणजे कड मशीनवर सपाट करून, घ्या.

सिलिकॉन किती? साधारण ३ मिलिमीटरची सलग रेघ, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूनं. जास्त लावलं की बाहेरून दिसतं तेवढंच आतही पिळून येतं. आतला तुकडा सुटून जाळीवर जाऊन बसतो, आणि गळती थांबवायला लावलेल्या मालानंच इंजिन उपाशी मरतं. रबरी पॅकिंग दिलेलं असेल तर त्यावर सगळीकडे सिलिकॉन फासू नका, पॅकिंग घसरतं. पुढचं कव्हर आणि मागच्या सीलचं घर ब्लॉकला जिथं मिळतं, त्या कोपऱ्यांवरच ठिपका द्यायचा.

पावसाळ्यात सिलिकॉन सुकत नाही, असं बरेच जण सांगतात. उलट आहे. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानंच पक्कं होतं, त्यामुळे खानापूरच्या जुलैत ते लवकर धरेल आणि अथणीच्या एप्रिलमध्ये उशिरा. पृष्ठभाग मात्र कोरडा हवाच. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेत, बहुधा ५ ते १० मिनिटांत, चेंबर वर चढवा आणि ऑइल भरायला २४ तास थांबा.

अंदाजानं बोल्ट आवळणं

चेंबरचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे, १० नंबरच्या पान्याचे. त्यांना सुमारे १० न्यूटन-मीटर लागतं, म्हणजे पाव मीटर लांबीच्या दांड्यावर चार किलोचा जोर. लांब रॅचेट हातात असेल तर हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. जास्त आवळल्यानं गळती थांबत नाही, पत्र्याची कड भोकाशी दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलली जाते. सगळे आधी हातानं, मग मधून बाहेर आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत.

बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून ज्याचा त्याला तिथंच खोवून ठेवा. लांबी वेगळी असते, आणि बंद भोकात लांब बोल्ट पिळला तर ब्लॉकलाच चीर जाते. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर काही गाड्यांत गिअरबॉक्सलाही बोल्टनं जोडलेला असतो. तिथं चेंबरचा मागचा फेस ब्लॉकच्या फेसशी सरळ पट्टी लावून जुळवल्याशिवाय शेवटचं आवळणं करू नका.

ड्रेन नटला प्रत्येक वेळी नवा वायसर. नवा चेंबर म्हणून जुना नट त्यात पिळू नका, आधी दोन-तीन आटे बोटानं फिरतात का बघा. अडत असेल तर आटे वेगळे आहेत.

आणि जॅक चेंबरखाली लावायचा नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरायचंही नाही.

ऑइल भरून थेट रेस करणं

आधी ऑइल मोजून भरा. लोकल चेंबरात थोडं कमी-जास्त मावू शकतं, म्हणून ठरलेल्या लिटरवर आणि डिपस्टिकवर, दोन्हींवर लक्ष ठेवा. स्टार्ट करून आयडलवरच राहू द्या. दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. टर्बो डिझेलला तर या वेळी रेस देणं म्हणजे कोरडा टर्बो फिरवणं. थोड्या वेळानं बंद करा, दहा मिनिटं थांबा, लेव्हल पुन्हा बघा.

सगळं केलं, तरी गळतंय

लगेच चेंबर उतरवू नका. ऑइल नेहमी सर्वांत खाली दिसतं आणि सर्वांत खाली चेंबर असतो. म्हणून दोष त्याच्यावर येतो. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच, टर्बोचा परतीचा पाइप, कुठूनही आलेलं ऑइल वाऱ्यानं मागे ढकललं जातं. इंजिन पूर्ण धुऊन कोरडं करा, टाल्कम पावडर उडवा, पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि वरून खाली बघत या. पावडर जिथं सर्वांत वर ओली, तिथं मूळ. फक्त गिअरबॉक्सच्या जोडाशी ओलं असेल तर क्रँकचं मागचं सील तपासायला हवं, ते काम मोठं आहे.

दोनदा नीट बसवलेलं पॅकिंग पुन्हा गळायला लागलं तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, बघा. तो चोंदला की आतला दाब बाहेर पडत नाही आणि सीलमधून वाट काढतो. जुन्या, झिजलेल्या डिझेल इंजिनात हा दाब मुळातच जास्त असतो. तिथं कितीही भारी सिलिकॉन आणलं तरी काही महिन्यांत तेच.

जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

चेंबर गार्ड जरूर लावा, पण आठवडाभरानं, सांधा कोरडा राहतो याची खात्री झाल्यावर. गार्ड घेताना ड्रेन नट आणि फिल्टरसमोर भोक आहे का बघा, नाहीतर गळणारं ऑइल गार्डमध्येच साठतं आणि फरशी स्वच्छ दिसते. खानापूरकडच्या लाल मातीत गार्डमध्ये चिखलाचा थर बसतो, म्हणून दर सर्व्हिसला तो उतरवून धुवायला सांगा. न सांगता कुणी उतरवत नाही.