डी.टीएस फाइलमध्ये न बोलावता आलेला ‘नोड’: या चुका टाळा

लायब्ररी निव्वळ ब्राउझरसाठी लिहिलेली. तरी बिल्डनंतर डी.टीएस फाइल (टाइपस्क्रिप्ट लायब्ररीचे फक्त टाइप सांगणारी फाइल) उघडावी, तर वरच तीन तिरक्या रेघा आणि पुढे ‘रेफरन्स टाइप्स=नोड’. ही ओळ टाइपस्क्रिप्टच्या ५.५आधीच्या आवृत्त्यांनी स्वतःहून घातलेली असते. वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये ती ‘@टाइप्स/नोड’ हे नोडच्या टाइपांचं पॅकेज ओढून आणते. मग ‘सेटटाइमआउट’चं उत्तर नंबर म्हणून साठवणाऱ्या त्याच्या धडधाकट कोडवर लाल रेघा उमटतात.

पहिली चूक म्हणजे बिल्डच्या शेवटी ‘सेड’ ही मजकूर बदलणारी कमांड चालवून ती ओळ उडवणं. ओळ जाते, पण खाली ‘नोडजेएस.टाइमआउट’ हे नाव तसंच राहतं. ‘@टाइप्स/नोड’ नसलेल्या प्रोजेक्टला ‘नोडजेएस’ नेमस्पेस सापडत नाही. त्यात ‘स्किपलिबचेक’ (डी.टीएस फाइलींची तपासणी वगळणारा पर्याय) चालू असेल तर एररही दिसत नाही, तो टाइप गुपचूप ‘एनी’ होऊन बसतो, म्हणजे त्याची तपासणीच होत नाही. माझ्या मते हे एररपेक्षा वाईट.

हे नाव येतं कुठून? टीएसकॉन्फिग या टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘टाइप्स’ दिलं नसेल, तर ६.०आधीच्या आवृत्त्यांत नोड मॉड्यूल्समधल्या ‘@टाइप्स’खालचं सगळं आपोआप आत येतं, टेस्टच्या पॅकेजनी आणलेलंसुद्धा. मग एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन टायमर परत करतं, आपण रिटर्न टाइप लिहीत नाही आणि कंपायलर स्वतः ‘नोडजेएस.टाइमआउट’ लिहून टाकतो. तिथे ‘रिटर्नटाइप<टाइपऑफ सेटटाइमआउट>’ लिहा, ते दोन्हीकडे चालतं. ‘बफर’ परत जात असेल तर बहुतेक वेळा ‘यूइन्ट८अ‍ॅरे’ लिहून भागतं. क्लासच्या प्रायव्हेट फील्डची काळजी नको, डी.टीएसमध्ये त्यांचं फक्त नाव जातं, टाइप जात नाही.

‘टाइप्स’ला रिकामा अ‍ॅरे दिला की झालं, हाही गैरसमजच. तो अ‍ॅरे बिल्डच्या वेगळ्या कॉन्फिगमध्ये जरूर द्या; टेस्टची कॉन्फिग निराळी ठेवा. पण तुमच्या एखाद्या डिपेन्डन्सीच्याच डी.टीएसमध्ये तो संदर्भ असेल, तर ‘नोड’ मागच्या दाराने येतोच. ‘टीएससी’ला, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला, ‘एक्स्प्लेनफाइल्स’ हा पर्याय द्या. प्रत्येक फाइल कोणामुळे आत आली ते तो सांगतो. तासभर अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं.

२०२४ साली आलेल्या ५.५ आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्ट या ओळी स्वतःहून घालत नाही. अपग्रेड केलं, ओळ गेली, प्रश्न मिटला असं वाटतं, आणि ‘सेड’वाल्यांची जी गत तीच इथेही होते, कारण टाइपचं नाव फाइलमध्ये असतंच. उलट, हाताने लिहिलेली संदर्भाची ओळही आता आउटपुटमध्ये टिकत नाही. ती खरंच हवी असेल तर तिच्यावर ‘प्रिझर्व्ह=ट्रू’ लावावं लागतं.

आणि लायब्ररी खरोखर नोडचीच असेल, उदाहरणार्थ तुमचा पब्लिक क्लास ‘इव्हेंटएमिटर’वरून बनलेला असेल, तर झगडू नका. ‘@टाइप्स/नोड’ डेव्ह डिपेन्डन्सीमधून काढून डिपेन्डन्सीमध्ये टाका.

पब्लिश करण्याआधी ‘एनपीएम पॅक’ने पॅकेज बांधा आणि रेपोच्या बाहेरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. रेपोच्या आत तपासलं तर वरच्या फोल्डरमधलं ‘@टाइप्स’ सापडतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. त्या रिकाम्या फोल्डरमध्ये ‘स्किपलिबचेक’ बंद ठेवून एका ओळीची इम्पोर्ट फाइल ‘टीएससी’तून काढा.