स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन-तीन गोळ्या चालू आहेत? ब्लीडिंगचा धोका असा तपासा

बाबांना स्टेंट बसवला तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी एवढंच सांगितलं गेलं की ह्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, अजिबात चुकवायच्या नाहीत. त्यांनी एकही चुकवली नाही. पण गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून आठ-दहा दिवस खाल्ली, मग संडासला डांबरासारखं काळं, चिकट व्हायला लागलं, ते कुणाला बोलले नाहीत, आणि आम्हाला कळलं ते जिना चढताना धाप लागून ते मध्येच खाली बसले तेव्हा. हिमोग्लोबिन 7 वर आलं होतं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून लिहितेय.

पहिलं काम, गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा करा. प्रत्येक स्ट्रिप उलटी करून ब्रँडचं नाव नाही, तर बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून झूम करा आणि कागदावर लिहा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल ह्या प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू न देणाऱ्या. वॉरफेरिन, ॲसेनोकुमॅरोल (स्ट्रिपवर निकुमॅलोन असंही लिहितात, ॲसिट्रोम हा त्याचा ब्रँड), रिव्हारोक्साबान, अपिक्साबान ह्या वेगळ्या वाटेने गुठळी रोखणाऱ्या. स्टेंट पण आहे आणि ठोके अनियमित किंवा व्हॉल्व्ह बदललेला, अशा पेशंटला दोन्ही गटातल्या गोळ्या असू शकतात, तिथे धोका बराच वाढतो. अजून एक गोष्ट नीट बघा: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकाच कॅप्सूलमध्ये मिळते, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळी ॲस्पिरिन लिहिली की तीच गोळी दोनदा पोटात जाते आणि नावं वेगळी म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग घरातल्या बाकीच्या गोळ्या बघा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन यातलं काही सापडलं तर बाजूला ठेवा, ह्यांनी पोटाचं अस्तर सोललं जातं आणि रक्त तर आधीच पातळ असतं. दुखण्यावर काय घ्यायचं ते हार्टच्या डॉक्टरांनाच विचारा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या पण बंद, त्यात कधीकधी स्टेरॉइड निघतं. कमरेत इंजेक्शन घ्यायच्या आधी ह्या गोळ्या चालू आहेत हे सांगा, नाहीतर आत रक्त साचून गाठ होऊ शकते.

आता कागदाच्या दुसऱ्या बाजूला धोक्याच्या ह्यातल्या कुठल्या खुणा पेशंटला लागू आहेत ते लिहा: वय 75 च्या पुढे, वजन 60 किलोच्या आत, वरचं बीपी 160 च्या वर, आधी अल्सर किंवा रक्तस्राव, लकवा, किडनी-लिव्हरचा त्रास, हिमोग्लोबिन 11 च्या खाली, दारू. जितक्या खुणा जास्त तितकी काळजी जास्त. पण खुणा जास्त आहेत म्हणून स्वतःच गोळी बंद करायची नाही हो, दात काढायचाय म्हणून पण नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. बीपी, दारू, पेनकिलर हे आपल्या हातात आहे, तिथून सुरू करा.

ओपीडीत तीन गोष्टी विचारा. प्लेटलेट्सच्या दोन्ही गोळ्या (ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी) किती दिवस? अटॅकनंतर साधारण 12 महिने देतात, ब्लीडिंगचा धोका जास्त असेल तर डॉक्टर कमी करू शकतात. पोटासाठी कुठली गोळी? क्लोपिडोग्रेल असेल तर ओमेप्राझोल नको, पँटोप्राझोल चालते. आणि वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) किती हवा, बऱ्याच जणांना 2 ते 3 ठेवतात, मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक सुरू झालं की तो भराभर वाढतो म्हणून लवकर परत तपासावा लागतो.

घरी लक्ष ठेवायचं ते काळ्या, चिकट, घाण वासाच्या शौचावर (लोहाच्या गोळीनेही काळं होतं पण असं चिकट नसतं), लाल लघवी, हिरड्या, अंगावरचे निळे डाग. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग 10-15 मिनिटं दाबून धरा, थांबलं नाही तर हॉस्पिटल. डोक्याला मार लागला तर पेशंट ठीक बोलत असला तरी त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू आहे का ते आणि प्लेटलेट्स लगेच तपासा.

बाबांचा तो कागद आता त्यांच्या पाकिटात असतो, मेडिकलवाल्याकडे काही मागायच्या आधी ते तो काऊंटरवर ठेवतात.