बचत गट कुठे मोडतो? या चुका टाळा

बँकेचं कर्ज मंजूर होतं आणि हिशोब ठरलेला असतो: दीड लाख आले, दहा जणी आहोत, प्रत्येकीला पंधरा हजार. भांडण नको म्हणून केलेली ही वाटणीच पुढे भांडण लावते. जिला शेळ्या घ्यायच्या आहेत तिला रक्कम अपुरी पडते, जिला गरज नव्हती तिचे पैसे घरखर्चात जिरतात, आणि हप्ता दोघींना सारखाच. कर्ज मागण्याआधी बैठकीत एकेकीला विचारा: किती हवेत, कशासाठी, फेडणार कशातून? उत्तरं ठरावात लिहा. जिला नको तिच्या नावावर कर्ज टाकू नका.

त्याहून मोठी चूक वहीची. वही सचिवाच्या घरी असते, पुष्कळदा तिचा नवरा लिहितो, बाकीच्या नुसत्या सह्या करतात. एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नसला तरी संशय इथूनच शिरतो. वही बैठकीतच लिहा. उठण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा: मागची शिल्लक, आजची बचत, आलेले हप्ते, व्याज, दिलेलं कर्ज, हातातली रोख. दर महिन्याला बँकेचं पासबुक भरून आणा, आकडे सगळ्यांसमोर जुळवा. लिहिणारी एकच असेल तर तिच्या शेजारी दुसरीला शिकायला बसवा. अक्षर ओळखता न येणाऱ्या बायकांनाही आकडा तोंडपाठ असतो, तो कानावर पडायला मात्र हवा.

नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये ५०० गटांचं उद्दिष्ट धरून बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा क्रम स्पष्ट होता: आधी बचत, तिच्यातून आपापसात कर्ज, मग बँक. आता योजना आली की गट उभा राहतो, बचत खात्यात पडून राहते, आणि त्याच गटातली बाई दवाखान्यासाठी सावकाराचं दार गाठते. मला हे फार लागतं. पैसा तिचाच आहे. पाचशे-हजाराचं का होईना, अंतर्गत कर्ज सुरुवातीपासून फिरू द्या.

एखादीचा हप्ता थकला तर दंडाआधी कारण विचारा. आजारपण असेल, पीक गेलं असेल तर हप्ता लहान करून मुदत वाढवा. हे बैठकीत सगळ्यांसमोर ठरवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तिघी थकतात.

अध्यक्ष-सचिव चांगल्या असल्या तरी दोन-तीन वर्षांनी बदला. खात्यावरच्या सह्या बदलायला बँकेत वेळ जातो, म्हणून ठरावाची प्रत आणि नव्या दोघींची कागदपत्रं लगेच देऊन या.