जुन्या सायकल लाइटला रिचार्जेबल पॅक कसा जोडायचा

डायनॅमोचा जुना लाइट दिसायला झकास असतो पण थांबलं की अंधार, आणि चढावर तो डायनॅमो टायरला घासत पाय ओढतो ते वेगळंच. म्हणून हेडलाइट आणि बल्ब तोच ठेवायचा, वीज फक्त बॅटरीतून द्यायची.

आधी बल्ब काढून त्याच्या धातूच्या भागावरची बारीक अक्षरं वाचा (हॅलोजन असेल तर काचेला बोट न लावता, रुमालाने धरून). डायनॅमोवाला असेल तर बहुतेक ६ व्होल्ट २.४ वॉट, मागचा ६ व्होल्ट ०.६ वॉट. मिळून ३ वॉट, म्हणजे अर्धा अँपिअर. पण तुमचा लाइट दोन सेलवाला, टॉर्चसारखा असेल तर बल्ब अडीच व्होल्टच्या आसपासचा असतो, त्यात दोन रिचार्जेबल सेल टाका आणि मोकळे व्हा.

६ व्होल्टसाठी सगळ्यात सोपं म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचे (बाजारात मिळणारे साधे रिचार्जेबल) पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या प्लसला दुसऱ्याचा मायनस. चार नाही, पाच! साधा सेल दीड व्होल्टचा म्हणून लोक चार टाकतात आणि मग लाइट मिणमिणतो म्हणून कुरकुरतात, रिचार्जेबल १.२ चा असतो. पाचाचा होल्डर नसेल तर चारचा आणि एकाचा जोडा. २००० एमएएचचे (म्हणजे २ अँपिअर-तासाचे) सेल असतील तर कागदावर चार तास, मी तीनच धरतो.

लिथियमचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. १८६५० चे (बोटाएवढे गोल लिथियम सेल) दोन सेल सिरीजमध्ये थेट जोडले, लेबलवर ७.४ लिहिलंय, एवढ्याने काय होतंय म्हटलं. काय तो पांढराशुभ्र उजेड! दुसऱ्या दिवशी बल्ब उडाला. फुल चार्ज झाला की तो पॅक ८.४ व्होल्ट देतो, ते मी बघितलंच नव्हतं. लिथियमच हवं असेल तर प्रोटेक्शन बोर्डवाला (जादा चार्ज किंवा शॉर्ट झाला की आपोआप तोडणारा) पॅक घ्या आणि मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारं छोटं सर्किट) टाका, आणि त्याचा तो छोटा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ६ दिसेपर्यंत बल्ब जोडूच नका.

पॉवर बँक पण चालते, पण ५ व्होल्टवर उजेड जवळजवळ निम्मा होतो, आणि नुसता मागचा लाइट जोडला तर करंट इतका कमी की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात.

आता वायरिंग, खरी मेख इथे आहे. डायनॅमोच्या लाइटला बऱ्याचदा एकच वायर दिसते कारण परतीचा रस्ता फ्रेममधून असतो, डायनॅमोच्या क्लॅम्पला एक टोकदार स्क्रू असतो तो रंग फोडून फ्रेमला टेकतो. गंज चढला की लाइट लपलप करतो तो बरेचदा ह्याच्यामुळेच. त्यामुळे बॅटरीसाठी मायनसची वेगळी वायर थेट हेडलाइटच्या बॉडीपर्यंत न्या. पण बॉडी लोखंडी असेल तर मायनस फ्रेमलाही येणारच, म्हणजे प्लसची वायर कुठे घासून उघडी पडली की सरळ शॉर्ट. म्हणून प्लसवर, बॅटरीच्या अगदी जवळ, १ अँपिअरचा फ्यूज हवाच, स्लो ब्लो (क्षणभराच्या जादा करंटने न उडणारा) घ्या, कारण बल्बची थंड फिलामेंट (आतली तार) चालू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते. हँडलच्या वळणावर वायर थोडी ढिली सोडा.

आणि डायनॅमोची वायर काढून टाका! तशीच राहिली तर बॅटरी त्याच्या कॉइलमधून रिकामी होत राहते, पॅकही तापतो. दोन्ही हवे असतील तर टू वे स्विच लावा, एका वेळी एकच.

पॅक मी रबरात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत ठेवतो, होल्डरमधले सेल धक्क्याने सुटतात म्हणून वरून घट्ट टेप. उजेड पिवळा पडायला लागला की बंद करून चार्जिंगला लावा, पार विझेपर्यंत ताणलं तर पाचातला सगळ्यात कमजोर सेल उलटा चार्ज होतो आणि कायमचा जातो.