कॉम्प्युटरला कुलूप लावण्याआधी राऊटर बघा

अँटिव्हायरस विकत घेण्याआधी भिंतीवरचा राऊटर उलटा करून पाहा. मागच्या लेबलवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि बऱ्याचदा लॉगिनचं नाव-पासवर्डही. काम इथूनच सुरू करायचं. मुंबईत तर नक्कीच. एका मजल्यावर चार-सहा बिऱ्हाडं आणि प्रत्येकाचा वायफाय जिन्यापर्यंत पोचलेला.

तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. कंपनीची ॲडमिन-ॲडमिन ही जोडी अजून चालत असेल तर आधी ती बदला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रॅमने, लाखो राऊटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते अशाच साठेक तयार जोड्या वापरून.

वायफायचा पासवर्ड वेगळा. नेटवाला जोडणी करताना अनेकदा गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबरच ठेवून जातो. आता हिशेब करा. आपल्याकडचे नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. तुमचा फोन वायफायला जोडला जातो त्या क्षणाचे संदेश कोणी हवेतून टिपले, की पुढचं काम त्याला घरी बसून करता येतं. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला एवढ्या शक्यता तपासायला काही तास पुरतात. शेजाऱ्याकडे तर तुमचा नंबर असतोच, त्याला तेवढेही कष्ट नकोत. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत सलग लिहा: कोथिंबीर, चर्चगेट, इस्त्री, धबधबा असे काहीतरी. (नेमके हेच नकोत.) राऊटरच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये, म्हणजे वायफायच्या कुलपाच्या प्रकारात, डब्ल्यूपीए-३ ठेवा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. राऊटर फक्त डब्ल्यूईपी हा जुना, सहज फुटणारा प्रकार देत असेल तर तो भंगारात द्या.

तिथेच डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय, बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनमधला कच्चा दुवा २०११ मध्येच उघड झाला आहे. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून नेटवरून राऊटरची सेटिंग्ज उघडण्याची सोय, तीही बंद. फर्मवेअरचं, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं असेल तर घेऊन टाका.

राहिला प्रश्न शेजारधर्माचा. समोरच्या काकूंचा रिचार्ज संपला की पासवर्ड मागायला त्यांचा नातू येणारच, आणि नाही म्हणणं आपल्याच्याने होत नाही. त्याच्यासाठी राऊटरमधलं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, चालू करा. स्मार्ट टीव्ही आणि कॅमेराही त्याच नेटवर्कवर टाका.

आता कॉम्प्युटर. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जोडून घेतलेलं जुनं मशीन विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाका किंवा ते नेटपासून दूर ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने जगभरात धुमाकूळ घातला. त्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अपडेट उद्यावर ढकलण्याची किंमत ती.

विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवरच्या ये-जावरचा पहारा, फुकट आहे आणि घरासाठी पुरेशी आहे, फक्त कोणी बंद करून ठेवली नाही ना ते पाहा. तिचा स्वभाव सोसायटीच्या वॉचमनसारखा: आत येणाऱ्याला हटकते, बाहेर जाणाऱ्याला विचारत नाही. पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत वायफाय सामायिक असेल तर नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ ठेवा, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर इतरांना सहज दिसत नाही.

एखादा प्रोग्रॅम उगाच नेटवर जातो असं वाटलं तर विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधला नेटवर्कचा भाग उघडा, कोण कुठे बोलतंय ते दिसेल. त्याला अडवायला फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जा. आउटबाउंड रूल्स, मग न्यू रूल, मग प्रोग्रॅम. त्याची फाइल दाखवा आणि ‘ब्लॉक’ निवडा. विंडोजच्या स्वतःच्या फाइलना मात्र हात लावू नका, अपडेटच अडकतील.

आणि एवढं करूनही, ‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल’ अशा मेसेजनंतर एनीडेस्क (आपला कॉम्प्युटर किंवा फोन दुसऱ्याला दुरून चालवू देणारं ॲप) उघडून समोरच्याला त्यातले नऊ-दहा आकडे वाचून दाखवले, तर फायरवॉल काही करू शकत नाही. पाहुण्याला तुम्हीच आत घेतलंत. दुरुस्तीवाल्याने टाकलेलं एनीडेस्क किंवा तसंच टीमव्ह्यूअर काम झालं की काढून टाका, विंडोजची तशीच सोय असलेलं रिमोट डेस्कटॉपही बंद ठेवा.

माउस आपोआप हलताना दिसला तर विचार करत बसू नका. नेटची वायर उपसा किंवा राऊटर बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.