मोदक फॉन्टमध्ये पोस्टरचं शीर्षक कसं करावं

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मोदक हा फॉन्ट नावासारखाच गुबगुबीत आहे. अक्षरं इतकी फुगलेली की त्यांच्या पोटातली पोकळी दबून केसाएवढी फट उरते. अक्षर ओळखू येतं ते त्या फटीमुळे. म्हणून पुढची सगळी खटपट फट जपण्यासाठी.

गुगल फॉन्ट्सवरून झिप फाइल मोफत उतरवा, उघडा आणि आतली टीटीएफ फाइल इन्स्टॉल करा. व्यावसायिक कामालाही परवाना चालतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, नाहीतर भलतीच चिन्हं दिसतात.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडा. तो न निवडल्यास 'शक्तिमान'ची पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर फुटतं. 'दुसऱ्या', 'सुट्ट्या' असे शब्द टाकून आधीच तपासा.

शीर्षक एक ते तीन शब्दांचं ठेवा. 'बाप्पा मोरया' झकास दिसतं. 'सार्वजनिक उत्सव मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा' म्हणजे नुसता पिठाचा गोळा. ए३ पोस्टरला १२० ते १५० पॉइंटपासून सुरुवात करा. छपाईत ४० पॉइंटखाली उतरू नका, फटी भरतात. तारीख, वेळ, पत्ता यांसाठी 'मुक्त' हा साधा फॉन्ट वापरा. तोही एक टाइपचाच आहे.

बोल्डचं बटण दाबू नका. मोदकला एकच वजन, म्हणजे एकच जाडी, आहे. सॉफ्टवेअर खोटा जाडपणा चढवतं आणि फट बुजते. बाह्यरेषेचंही तेच: ३ पॉइंटची रेषा निम्मी, म्हणजे दीड पॉइंट, आत घुसते. इलस्ट्रेटरच्या अपिअरन्स पॅनेलमध्ये रेषा भरण रंगाच्या खाली सरकवा, मग ती फक्त बाहेरून दिसते. अक्षरांमधलं अंतर शून्यच असू द्या. ते वाढवलं तर शिरोरेषा तुटते. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडत नाहीत ना, हे पाहून ओळींमधलं अंतर ठरवा.

फटीतून मागचा रंग दिसतो, तेव्हा दोन्ही रंगांत उजेड-अंधाराचा ठळक फरक हवा. पिवळ्यावर गडद लाल चालेल. केशरीवर लाल चालणार नाही. मागे फोटो तर नकोच. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई कापडावर पसरते, तिथे अक्षर आणखी मोठं घ्या. व्हिनाइल कटिंगला, म्हणजे स्टिकरच्या कागदातून अक्षरं कापायला, हा फॉन्ट देऊच नये. एवढ्या बारीक पट्ट्या सोलताना निघून येतात किंवा तुटतात.

प्रेसला फाइल देण्याआधी एक प्रत स्वतःकडे ठेवून दुसरीतला मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. शीर्षकाचा तुकडा प्रत्यक्ष आकारात साध्या ए४ कागदावर छापून भिंतीवर लावा, दहा पावलं मागे जा. 'ब' आणि 'व' वेगळे कळत नसतील तर आकार वाढवा.