लोखंडी डीबीत अर्थिंगची वायर नीट कशी घ्यायची

डीबीत (म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत) एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) कुठल्या कंपनीचे ते सगळे बघतात, पण अर्थिंगची वायर आत कुठून आली आणि कशाला बांधली हे कोणी बघत नाही. फेज सुटून पत्र्याला टेकला तर जीव तीच वाचवणार. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, फक्त तो करताना शेजारी उभं राहा आणि पुढच्या गोष्टी बघा.

आधी मीटरजवळचा मेन बंद. डीबीतला मेन पाडून भागत नाही, त्याच्या इनकमिंग टर्मिनलला करंट असतोच. मग नुसत्या टेस्टरवर न जाता मल्टिमीटर लावून खात्री करायची.

वायरचं माप आयएस 3043 (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे: तांब्याचा फेज 16 स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर अर्थ तेवढाच, 16 ते 35 ला 16, त्यापुढे फेजच्या निम्मा. रंग हिरवा किंवा हिरवा-पिवळा.

आता भोक. नॉकआऊट (पेटीवरची अर्धवट कापलेली चकती) पाडला की पत्र्याची धार ब्लेडसारखी राहते, ती कानशीने घासून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) बसवाच. आणि सर्किटची अर्थ वायर त्याच सर्किटच्या फेज-न्यूट्रलसोबत एकाच भोकातून, एकाच पाईपमधून आत घ्यायची, जागा नाही म्हणून बाजूच्या भोकातून एकटी नाही. कारण लोखंडातून एसीची वायर एकटी गेली की फॉल्टच्या वेळी तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र लोखंडात शिरतं, करंटच्या वाटेत अडथळा वाढतो आणि लांब लोखंडी पाईप असेल तर एमसीबी पडायला उशीर होऊ शकतो. जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडून येणारी मेन अर्थिंग मात्र वेगळी आली तरी चालते.

आत आल्यावर वायर अर्थ लिंकवर (सगळ्या अर्थ वायर जोडायची धातूची पट्टी), एका स्क्रूखाली एकच. बॉडीच्या बोल्टला थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) क्रिम्प करून लावायचं, वायर पिळून गुंडाळायची नाही. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा नाहीतर स्टार वॉशर टाका, पावडर कोटिंगवर कितीही आवळलं तरी कॉन्टॅक्ट मिळेलच असं नाही. दरवाजाला बिजागरीच्या भरवशावर सोडू नका, लवचिक वायरचा वेगळा जंपर द्या. अर्थमध्ये स्विच किंवा फ्यूज कधीच नाही, आणि अर्थ लिंक न्यूट्रल लिंकला जोडायची नाही, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होत बसेल.

शेतातल्या थ्री फेज पंपाच्या स्टार्टरची पेटी आणि मोटर असेल तर दोन्हींना दोन-दोन वेगळ्या अर्थिंग हव्यात.

शेवटी मेन बंद असतानाच मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याची एक पिन अर्थ लिंकला आणि दुसरी आळीपाळीने बॉडीच्या बोल्टला, दरवाजाला, प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला लावा, दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर जेवढं रीडिंग येतं साधारण तेवढंच यायला हवं, लांबच्या सॉकेटला किंचित जास्त. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक असं समजू नका, ते बटण अर्थ वायर अजिबात नसली तरी चालतं.